भुंगामातेची टिंग

कलादालनाच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे मालक एकटेच माशा मारत बसायचे. आज माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावत होती. आत चौथऱ्यावर ती मातीची मूर्ती बसली होती: तोंड बाईचं, हात बाईचे, बाकी सगळा भुंगा, आणि पाठीवर हिरवंगार चकचकीत कवच. मधूनच त्या पाठीतून आवाज यायचा, टिंग. तो आला की गर्दी वाकलीच.

"गेला," टिंगमहाराज डोळे मिटून सांगायचे. "कुणाचा तरी रोग मातेनं अंगावर घेतला. बघा, पाठीवर नवी रेघ. जितक्या रेघा, तितके रोगी बरे. ज्याची रेघ उमटली त्यानं औषध घेऊन मातेचा अपमान करू नये."

हे महाराज गेल्या वर्षापर्यंत दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकायचे. आवाज तोच, फक्त कपडे बदलले. तेव्हा पाण्यातले जंतू काढायचे, आता माणसातले रोग. प्रदर्शनात ते पंख्याखाली टेकायला म्हणून शिरले होते, टिंग ऐकली आणि तिथेच महाराज झाले.

ती मूर्ती जिने घडवली तिला आळीत झुरळवाली म्हणत. अर्धी माणसं, अर्धे किडे, मातीत घडवून भट्टीत भाजायचे, हा तिचा धंदा. टोळाच्या तोंडाचा कारकून काय, पंख फुटलेली आजी काय. ते बघून लोक नाक मुरडायचे, पोरं झोपेत दचकतात म्हणून तक्रारी करायचे. तेच लोक आता किड्यापुढे नाक घासत होते. तिला हसू आवरेना.

आवाज कशाचा, हे तिला पहिल्याच टिंगेला कळलं होतं, आणि तिनं जीभ चावली होती. चूक तिचीच होती. पण चारचौघांत सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपली शोभा करून घ्यायची. मालकही म्हणाले, "बाई, तुम्ही काही बोलू नका. गर्दी बघा की." ती गप्प बसली.

एका सकाळी आईनं चहात साखर टाकली, ती बघतच राहिली.

"आई, साखर?"

"आता चालते. गोळ्या बंद केल्यात मी."

"कधीपासून?"

"मातेनं रेघ घेतली तेव्हापासून. डावीकडची वाकडी आहे ना, ती माझी."

तिनं खाली बघितलं. आईच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली होती. आईनं पाय पदराखाली ओढून घेतला. "महाराज म्हणालेच होते, आधी घरचीच माणसं संशय घेतात."

"दवाखान्यात चल," तिनं विनवलं. आई ढिम्म. शेवटी तिनं मूर्तीबरोबर त्याच भट्टीत भाजलेला एक कप पिशवीत टाकला, उकळत्या पाण्याचा थर्मास घेतला, रिक्षा बोलावली आणि म्हणाली, "बरं, आधी तुझ्या मातेकडे जाऊ."

दालनात महाराज मातेची सेवा करत होते. गरम टॉवेलनं मातेची पाठ शेकायची आणि लगेच वर बर्फाच्या पाण्याचा हात फिरवायचा. टिंग.

"महाराज, थोडी जागा द्या," असं म्हणून तिनं कप चौथऱ्यावर ठेवला. उकळतं पाणी ओतलं, फेकलं, महाराजांच्याच भांड्यातलं गार पाणी भरलं. टिंग. टिंग टिंग.

"हे कुणाचे रोग?"

मागच्या एका आजोबांनी कपाला हात जोडले.

"आजोबा, हात खाली घ्या. चहाचा कप आहे. मातीवर काचेसारखा थर देतात, त्याला झिलई म्हणतात. गार होताना तो मातीपेक्षा जास्त आकसला की तडकतो. तीच टिंग, तीच रेघ. नवी झिलई आधी तुकड्यावर भाजून बघायची असते. मी घाईत बघितली नाही. ही माझी चूक आहे, चमत्कार नाही."

"एकाच भट्टीतलं ना? कपातही मातेचाच अंश," महाराज म्हणाले.

"मग टॉवेल आणि बर्फ बाजूला ठेवा, आणि काढा आवाज."

सगळे थांबले. माता मुकी. महाराजांच्या कपाळावर घाम.

"माता रुसली," ते म्हणाले.

"माता कसली रुसते, टॉवेल बाजूला ठेवलाय म्हणून गप्प आहे," रांगेतली एक बाई म्हणाली, आणि दालन खदखदून हसलं. त्या गलक्यात महाराज कधी सटकले, कळलंही नाही.

आई मात्र हसली नाही.

"त्या फिल्टरवाल्यावर नव्हता गं माझा विश्वास," ती हळूच म्हणाली. "आपल्याला गळका फिल्टर विकला होता त्यानं. मूर्ती तू केलीस म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला. म्हटलं, लेकीच्या हाताला गुण असेल. आणि तूही काही बोलली नाहीस."

आईला घेऊन ती थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पाय वाचवला, अंगठा काढावा लागला.

चमत्कार दिसला की विचारा, हे कशानं होतं? विचारल्यानं कुठला देव रागावत नाही. रागावतो तो देवाचा दलाल. आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांनी पहिल्याच टिंगेला तोंड उघडावं, लाज वाटली तरी. झुरळवाली आता हे ज्याला त्याला सांगते. आईला मात्र फार बोलावं लागत नाही. कुणी गोळ्या सोडल्याचं कानावर आलं, की ती चप्पल काढून पाय पुढे करते.