मृत्युपत्राला पुठ्ठा

सोमवारी आम्हा दोघांचं ऑपरेशन. माझी एक किडनी काढून नवऱ्याला बसवायची. म्हणजे आई-बाप एकाच सकाळी, शेजारशेजारच्या खोल्यांत बेशुद्ध. डॉक्टरांनी सगळे धोके समजावले, पण खरा प्रश्न विचारला तो वकीलबाईंनी. "दोघांचंही बरंवाईट झालं, तर मुलं कुणाकडे?"

थोरला सहाचा, धाकटी तीनची. मला पुढे काही ऐकूच आलं नाही.

मग दोघांचं मिळून मृत्युपत्र केलं. मुलांचे पालक म्हणून मोठ्या दिरांचं, अण्णांचं नाव. घरातले कर्ते, त्यांना डावलणार कसं? सह्या झाल्या, साक्षीदारांच्या झाल्या, बाईंनी तिन्ही पानांना पिन मारून दिली. एक प्रत करून मूळ कागद शुक्रवारी परत आणा म्हणाल्या.

आमचा धंदा बाइंडिंगचा. नवऱ्याच्या डोळ्यांना वाकडी कड खुपते. त्याने पिन उपसली, पानं कटरवर सरळ कापली, दोऱ्याने शिवली आणि वर निळा कापडी पुठ्ठा चढवला. "पोरांचा कागद आहे, लोंबता कशाला?" मीही कौतुकाने बघत बसले. दोघंही एकाच माळेचे मणी.

शुक्रवारी दुपारी वकीलबाईंनी ते उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझा," नवरा म्हणाला, जरा खुशीतच.

"पिनेची भोकं दिसतायत आणि पिन नाही. कडा कापलेल्या. उद्या कुणी म्हणालं, मधलं पान बदललंय, तर काय सांगू? पुस्तक छान बांधलं, असं?"

आजारपणाने आधीच उतरलेला नवऱ्याचा चेहरा आणखी उतरला.

"नवं करू. साक्षीदार परत बोलवा. पाचला मी निघणार, आणि सोमवारपर्यंत ऑफिस बंद."

साडेतीन वाजले होते. साक्षीदारांना, म्हणजे चष्म्याच्या दुकानदाराला आणि मुलाच्या वर्गशिक्षिकेला, फोन केले. दोघंही येतो म्हणाले. बाईंनी कीबोर्डवर बोटं ठेवली. "पालक तेच ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि एकदम दिव्याची गोष्ट आठवली. थोरल्याला अंधाराची भीती वाटते म्हटल्यावर अण्णांनी 'सवय मोडायला' खोलीतला दिवाच काढून नेला होता. माणूस वाईट नाही. पण तो अंधार मला दिसायला लागला.

"धाकट्या वन्संचं लिहा," मी म्हणाले.

"अगं, अण्णांना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते बरे होऊन ऐका."

"त्यांना विचारलंय का पण?" बाई म्हणाल्या.

अण्णांनाही कुठे विचारलं होतं! नणंद शहराची बस चालवते, ड्यूटीवर फोन बंद. मी निरोप ठेवला. सव्वाचार. साक्षीदार येऊन बसले. साडेचार. नवरा नखं खात होता. चार चाळीसला फोन वाजला.

"वहिनी, दादा बरा आहे ना?"

एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.

"मला जमेल? मला भीती वाटते, वहिनी."

"मलाही वाटते. म्हणूनच विचारतेय. नाही म्हणालीस तरी राग नाही."

"माझी ड्यूटी पहाटेची. डबे कोण भरणार? धाकटीला शाळेत कोण सोडणार?" मग स्वतःच म्हणाली, "दुपारची पाळी मागून घेता येईल. लिहा माझं नाव. पण दोघं मेलात तर याद राखा!"

मला हसू आलं आणि डोळे भरले. अण्णांचा विचार डब्यापर्यंत कधी पोचलाच नसता.

पाचला चार मिनिटं असताना शेवटची सही झाली. बाईंनी मूळ कागद आमच्या हातात दिलाच नाही, स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

जिन्यात नवरा थांबला. "अण्णांना मीच सांगतो. सोमवारच्या आत." त्याने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मी त्याचं कोपर धरून उभी राहिले.