वरच्या मजल्यावरची तारीख

फोल्डर उघडत नव्हतं म्हणून साहेबाचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. साहेब म्हणजे कुणी बडं प्रस्थ नव्हे. खालच्या खोलीत टेबल टाकून घरांचे कॉलम-बीम मोजत बसणारा साधा इंजिनिअर. 'साहेब' हे नाव वडिलांनी ठेवलेलं, कौतुकाने कमी आणि टिंगलीने जास्त. वडील, म्हणजे तात्या, वरच्या मजल्यावर बसून घरांची ड्रॉइंगं काढत. बापाने रेघ मारायची आणि लेकाने ती किती भार पेलेल ते सांगायचं, असा दोघांचा धंदा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता.

दोघांचे कॉम्प्युटर घरातल्या एकाच नेटवर्कवर होते. पुरं झालेलं ड्रॉइंग तात्या 'पक्कं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकत. साहेब ते खालून उचलायचा आणि तसंच ठेकेदाराला पाठवून द्यायचा. उघडून बघायची पद्धतच नव्हती. "तपासावं लागेल असं ड्रॉइंग मी काढत नाही," असं तात्या म्हणत, आणि नुसतं म्हणत नसत. त्यांची चूक काढायला गेलेले भलेभले तोंडघशी पडलेले साहेबाने लहानपणापासून पाहिले होते.

आज एका घराचा स्लॅब अडला होता. शटरिंग तयार होतं, सळया बांधणारी माणसं हातावर हात ठेवून बसली होती आणि उद्या काँक्रीट पडायचं होतं. ठेकेदाराला हवं असलेलं ड्रॉइंग तात्यांच्या मशीनमध्ये होतं. ते मशीन साहेबाला स्क्रीनवर दिसत होतं, पण आत शिरू पाहिलं की पासवर्ड चुकीचा म्हणून दारातूनच हाकलत होतं. कालपर्यंत हाच पासवर्ड मुकाट्याने चालत होता.

साहेबाने राउटर बंद करून चालू केला. केबल काढून पुन्हा खोचली. पासवर्ड सावकाश, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकून पाहिला. मग तणतणत जिना चढला.

तात्या पेन्सिलीला टोक करत बसले होते. सगळं काम स्क्रीनवर होत असलं तरी टोक केलेल्या पेन्सिली समोर असल्याशिवाय त्यांना सुचत नसे.

"काय साहेब, आज इकडे पायधूळ?"

"तुमचं मशीन मला आत घेत नाहीये."

"त्यालाही माणसं कळायला लागली म्हणायची," तात्या म्हणाले. "बघ बाबा. मेलपण उघडत नाहीये सकाळपासून."

साहेब टेबलाखाली शिरला. केबल ठीक होती. फोल्डर शेअर केलेलं होतं, परवानगी त्याच्याच नावाची होती. पेनड्राइव्ह असता तर एवढ्यात काम उरकलं असतं. पण घरातला एकुलता एक पेनड्राइव्ह त्याच्या मुलीने, चिमणीने, कॉलेजच्या हॉस्टेलला जाताना उचलून नेला होता, त्याला आता बरेच महिने झाले होते.

"एक पेनड्राइव्ह आणून ठेवायला हवा घरात," तो टेबलाखालून म्हणाला.

"चिमणीकडे आहे की. शाळेतून आली की घे तिच्याकडून."

"तात्या, थट्टा नको आता. तिकडे ठेकेदार माझ्या नावाने खडे फोडतोय."

तात्यांनी पुढची पेन्सिल उचलली. टोक करायचा आवाज तेवढा येत राहिला.

खाली येऊन साहेबाने फायरवॉल बंद करून पाहिली, चालू करून पाहिली. दरम्यान ठेकेदाराचा फोन येऊन गेला. त्यात ड्रॉइंगपेक्षा साहेबाच्या बुद्धीची चौकशी जास्त होती. शेवटी त्याने जुनी जोडणी काढून टाकली आणि नव्याने जोडायला घेतलं. या खेपेला मशीनने निराळंच कारण दिलं. दोन्ही कॉम्प्युटरची वेळ आणि तारीख जुळत नाही, म्हणून ओळख पटत नाही.

एवढंच होय, असं म्हणत तो पुन्हा वर गेला. जुनं मशीन, आतली बॅटरी गेली असेल. तात्यांच्या खांद्यावरून वाकून त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. मिनिटं बरोबर होती. दिवस आणि महिना बरोबर होता. फक्त वर्ष मागचं होतं.

"बॅटरी गेलीय वाटतं," तो म्हणाला.

"बॅटरीला काय धाड भरलीय? मीच केलं ते सकाळी. वर्षच्या वर्ष पुढे पळालं होतं मशीन. म्हटलं, उद्या तारखेवरून घोळ नको."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की साहेबाने हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चिमणी शाळेतून आली की. ती थट्टा नव्हती. तात्या हात धुवायला उठले तेव्हा त्याने चोरासारखी तारीख बदलली, ती यापुढे आपोआप लागेल अशी सोय केली आणि खाली आला.

फोल्डर लगेच उघडलं. सकाळपासून ज्यासाठी जीव काढला ते झालं होतं, आणि त्याला जराही आनंद झाला नाही. ड्रॉइंग मेलला जोडून झालं होतं. रोजच्यासारखं पाठवून द्यायचं तेवढं बाकी होतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचं ड्रॉइंग तपासायला उघडलं.

ड्रॉइंग देखणं होतं. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. फक्त जिन्यासाठी स्लॅबमध्ये सोडायची मोकळी जागा स्वयंपाकघराच्या बाजूला होती. तिथला जिना मालकीणबाईंनी गेल्या वर्षीच रद्द केला होता. त्यांच्या आईचे गुडघे धरतात म्हणून तो ऐसपैस करून पुढच्या खोलीत घेतला होता, आणि ही तोड खुद्द तात्यांनीच सुचवली होती. साहेबाचे बीम नव्या जागेच्या हिशेबाने होते. खालून फोल्डर सकाळीच उघडलं असतं, तर एव्हाना सळया चुकीच्या जागी बांधायला सुरुवात झाली असती.

त्याने ठेकेदाराला फोन लावला. "उद्याचा स्लॅब पुढे ढकला."

"का हो? तात्यांचं ड्रॉइंग झालं नाही?"

"माझ्याकडून घोळ झालाय," साहेब म्हणाला आणि पुढच्या शिव्या निमूटपणे ऐकून घेतल्या.

मग त्याने ड्रॉइंगची मोठी प्रिंट काढली आणि तिसऱ्यांदा जिना चढला. काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्याने कागद नुसता तात्यांपुढे पसरला आणि जिन्यावर बोट ठेवलं.

तात्या कागदावर वाकले. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि पुढच्या खोलीत, जिथे जिना हवा होता तिथे, एक अलगद चौकोन काढला.

"बाईंच्या आईचे गुडघे," ते म्हणाले.

"हो."

"चिमणी हॉस्टेलला आहे."

"हो, तात्या."

"गेलं हे ठेकेदाराला?"

"नाही. मशीनने अडवून धरलं होतं."

तात्यांनी पेन्सिल जागेवर ठेवली. चेहरा एकदम उतरला होता. आयुष्यभर लोकांची घरं काढणारा हा माणूस आपल्याच खोलीत पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता, आणि साहेबाला ते बघवेना.

"याआधीची पाठवलेली?" तात्यांनी विचारलं.

"मी बघतो ती."

"बघतो नाही. तपासतो म्हण." त्यांनी प्रिंट साहेबाकडे सरकवली. "आणि यापुढची सगळीच. माझ्यावर भरवसा टाकू नकोस, साहेब. त्या घरांत माणसं राहायला येतात."

साहेबाला रडू आलं. ते दिसू नये म्हणून तो उगाच टेबलाखाली वाकला आणि ठाकठीक असलेली केबल पुन्हा एकदा खोचली.

मागची ड्रॉइंगं त्याने एकेक करून तपासली. ती बरोबर निघाली, पण जीव भांड्यात पडला असं काही झालं नाही. तात्यांना दवाखान्यात नेऊन झालं, गोळ्या सुरू झाल्या. काम त्यांनी सोडलं नाही. आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते स्वतःच खाली येतात. दारात उभं राहून, थट्टा केल्यासारखं, विचारतात, "काय साहेब, आज तारीख काय?"

तो सांगतो. वर्षासकट सांगतो. तात्या मान डोलावतात आणि वर कामाला जातात.

नेटवर्क तेव्हापासून एकदाही अडलेलं नाही. तरी रोज सकाळी तात्या खाली येईपर्यंत साहेब कॉम्प्युटर चालू करत नाही, हातातलं काम बाजूला ठेवून जिन्याकडे कान लावून बसतो. ज्या दिवशी तात्यांना खाली येऊन तारीख विचारायची गरज वाटणार नाही, त्या दिवसाची त्याला भीती वाटते.