पडद्यावरची भाषा

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आलेल्या मेहता सरांनी पडद्यावर लिहिलं होतं, मुलाची घरची भाषा वर्गात येऊ द्या, तिच्याच आधारानं पुस्तकातलं इंग्रजी शिकवा. गोडादऱ्यातल्या त्या इंग्रजी शाळेच्या हॉलमध्ये सगळे शिक्षक माना डोलावत होते. नूतनला वाटलं, चला, कुणीतरी शहाणं माणूस आलं.

नमुना पाठ तिचाच होता. तिनं मुद्दाम पाचवीतल्या प्रियांकाला उभं केलं. पोरीचा बाप पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला, घरात अहिराणी. जूनपासून ती वर्गात तोंड उघडत नव्हती, म्हणून दिवाळीनंतर तिला गुजराती माध्यमात ढकलायचं ट्रस्टी जयेशभाईंनी जवळजवळ ठरवलंच होतं. आज त्यांच्यासमोर बोलली तर वाचणार होती.

"ओला कपडासनं पानी कोठे जास? आपली भाषामा सांग," नूतन म्हणाली.

"ऊनमुये पानी तपस नि हवामा उडी जास," प्रियांका पुटपुटली. मग फळ्यावरचे इंग्रजी शब्द बघत, अडखळत, तिनं तेच इंग्रजीत सांगितलं. अख्खं वाक्य! नूतनचा ऊर भरून आला.

"बहुत बढ़िया!" मेहता सरांनी मोबाईल वर धरला. "व्हिडिओसाठी एक बार और. सिर्फ इंग्लिश. वो गाँववाली भाषा मत बोलना."

प्रियांकाचं तोंड मिटलं ते मिटलंच.

"जोयुं ने? गोखीने आवी छे," जयेशभाई म्हणाले. पोपटपंची म्हणे!

नूतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावर एक आणि तोंडात दुसरंच! पोरीनं जीव मुठीत धरून उत्तर दिलं आणि हे तिला पुन्हा गप्प करून मोकळे.

"तिनं उत्तर दिलंय!" ती ओरडलीच. "पहिल्यांदा काय म्हणाली, ते कळलं त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. निम्मा हॉल धुळे-नंदुरबारचा, आणि सगळे मेले जमिनीकडे बघत बसलेले. पहिल्या रांगेत गजेंद्र होता, प्रियांकाचा विज्ञानाचा शिक्षक, नूतनच्याच सोसायटीतला. जिन्यात रोज त्याचं अहिराणी बोलणं तिच्या कानावर पडायचं.

"गजेंद्र, घर मायसंगे कोनती भाषामा बोलस रे तू?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं. "लाज वाटस का?"

गजेंद्र लालबुंद झाला. जयेशभाईंकडे एकदा बघून त्यानं हात वर केला, जेमतेम खांद्यापर्यंत.

प्रियांका त्याच्याकडे बघतच राहिली. जूनपासून ती रोज त्याच्या तासाला मान खाली घालून बसत होती.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही बी आपलाच शेतस का?"

गजेंद्रचा हात खांद्यावरून पार डोक्याच्या वर गेला.