पाटावर बसवलेली डिक्शनरी

मित्रांनो, माझं अंग जाड आहे, पाठ उसवलेली आहे आणि डोकं तापलेलं आहे. मी एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी.

शहाण्णव साली सोमनाथने मला नाशकातल्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून मखमलाबादला आणलं, मुलगा ओम मोठा साहेब व्हावा म्हणून. ओमने मला टेबलफॅनखाली ठेवलं, पंखा हलू नये म्हणून. झाली त्याची इंग्रजी!

मला उघडलं ते त्याच्या बहिणीने, सुवर्णाने. झेंडूच्या माळा ओवता ओवता ती मला समोर घेऊन बसे. ‘मेटिक्युलस’ म्हणजे बारीकसारीक गोष्टीत काटेकोर. “म्हणजे आपली आई,” ती म्हणे, “एक किडकं फूल माळेत जाऊ देत नाही.” ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे हट्टी. “ही आपली गोजराआत्या!” आत्या सुई उगारून म्हणे, “इंग्रजीत शिव्या देती का गं मला?” पानापानावर झेंडूचे डाग पडले. मला ते आवडायचे.

दोन हजार चारचा दसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णाची एका हॉटेलातल्या नोकरीसाठी परीक्षा होती. अवघड इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारणार होते आणि तिचे माझ्यातले शेवटच्या अक्षरांचे शब्द वाचायचे राहिले होते. पण घरातलं सगळ्यात जाड पुस्तक म्हणून आत्याने मला पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी सुवर्णाने हात पुढे केला.

“हात नको लावू! पुजलेलं पुस्तक हाय. उद्या पूजा हलवल्यावर उघडायचं.”

“आत्या, उद्या सकाळीच परीक्षा आहे गं.”

“मग नमस्कार कर. सरस्वती पावल.”

“न वाचता?”

“सणाला वाद नको, पोरी,” सोमनाथ म्हणाला.

पोरीने नमस्कार केला. मी पाटावर नुसती जळत होते.

परीक्षेत नेमके तेच राहिलेले शब्द आले. नोकरी हातची गेली. आत्या म्हणाली, “नशिबात नव्हतं.” अहो, नशीब कसलं? पाट आडवा आला, पाट!

पुढच्या दसऱ्याला सुवर्णा पुन्हा परीक्षेच्या तयारीत होती. आत्या मला न्यायला आली.

“दे ती. पूजा खोळंबली.”

“ओमची पुस्तकं पूज, आत्या. कोरी करकरीत आहेत, कुणी हातसुद्धा लावलेला नाही. हिला आज काम आहे.”

आत्या पुटपुटत गेली. सुवर्णाने मान वर केली नाही.

मित्रांनो, पुस्तकाला पाय लागला की तुम्ही लगेच नमस्कार करता. जरूर करा. पण तेच पुस्तक वर्षभर मिटून ठेवलंत, तर त्याचीही माफी मागत जा.