शिंगवाला राजा

"तिन्ही सारखीच आहेत," काटेवाले म्हणाले आणि डबी टेबलावर ठेवली.

"सारखी आहेत म्हणजे चांगलंच की," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणायचे, तिन्ही एकाच टाकसाळीतली आहेत."

काटेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. दोन हजार वर्षांपूर्वी हातोड्याच्या घावाखाली एकेक करून पाडलेली नाणी. त्यातली दोन कधी हुबेहूब एकमेकांसारखी नसतात. एखाद्याची कड फाटलेली असते, एखाद्यावर राजाचं नाकच मावलेलं नसतं. इथं तिन्ही नाण्यांवर राजाच्या कानामागे एकच ओरखडा, त्याच जागी, तेवढाच लांब. एकाच साच्यातून ओतून काढलेली होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. फोटोग्राफरला ते कळलं नव्हतंच, वर त्यानं तिन्ही विकत घेतली होती.

काटेवाले दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. फोटोग्राफर त्यांचा मित्र, वहिनी त्याची बायको. तो गेल्याच महिन्यात वारला होता आणि ही त्याच्या स्टुडिओमागची खोली होती. दोघांना खूळ एकच. सिकंदर मेल्यावर त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतलं, त्या ग्रीक राजांची चांदीची आणि ब्राँझची नाणी. त्या राजांनी आपापसांत केली नसतील एवढी भांडणं या दोघांनी त्यांच्यावरून केली. इजिप्तचे टॉलेमी राजे पिढ्यान्‌पिढ्या चांदीच्या नाण्यांवर त्याच एका मूळ पुरुषाचा चेहरा पाडत राहिले, याचा फोटोग्राफरला धंद्यामुळे फार राग होता. एकाही नातवाला स्वतःचा फोटो काढून घ्यावासा वाटला नाही का, म्हणून तो चिडायचा. अशा माणसाशी बोलायचं तरी काय? तरी काटेवाले दर रविवारी बोलायला यायचेच.

आता हा संग्रह पाहताना त्यांचं डोकं उठलं होतं. चांदीचं एकूण एक नाणं ओतीव, म्हणजे खोटं. ब्राँझची होती खरी, पण इतकी झिजलेली, की राजा कुठला आणि गरुड कुठला ते कळू नये. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या माणसाची मेल्यावरही गेली नव्हती.

वहिनींनी शेवटची डबी पुढं केली. ही त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवली होती. आत शिंगवाला होता. त्या सरदारांपैकीच एक, लिसिमाकस राजा, त्यानं पाडलेलं चांदीचं नाणं, पण त्यावर चेहरा सिकंदराचा, आणि सिकंदराच्या कानाशी मेंढ्याचं वळलेलं शिंग. म्हणजे असं नाणं खरोखर असतं. हे तसं नव्हतं. फोटोग्राफरनं ते आणलं त्या रविवारी मित्रांना बोलावून चहा पाजला होता. काटेवाल्यांनी खिशातून छोटा काटा काढला, नाणं तोललं, कडेवरून नख फिरवलं आणि चारचौघांत सांगून टाकलं, की वजनात कमी आहे, कड कानशीनं घासलेली आहे, माल खोटा आहे. फोटोग्राफर हसला. तुझा काटाच बिघडलाय, म्हणाला. पुढं विषय निघाला की काटेवाले तेच सांगत आणि तो तसाच हसत असे.

"हा संग्रहालयात द्यायचाय," वहिनी म्हणाल्या. "खाली त्यांचं नाव लावतील ना?"

काटेवाल्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी सांगून पाहिलं, की घरात ठेवा, आठवण राहील. संग्रहालयात नाण्याची फार कसून तपासणी होते, कशाला उगाच खेटे घालायचे. पण वहिनींनी ठरवलं होतं.

"स्टुडिओचा बोर्ड परवा उतरवला, भावोजी. दुसरं कुठं नाव राहिलंय त्यांचं? आणि ते स्वतःच सांगून गेलेत, संग्रहालयात जाताना काटेवाल्याला बरोबर ने. त्याच्यासमोर एकदाचा निकाल लागू दे."

नाण्याची माहिती नीट लिहून आणतो असं सांगून काटेवाले डबी घेऊन घरी आले, आणि सगळा राग बायकोवर काढला. या माणसाला एक अक्कल नव्हती. घ्यायचं कोणाकडून, बघायचं काय, काही म्हणून शिकला नाही. आणि मरताना निकाल लावायला सांगून गेला.

"मग लागू दे की निकाल," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "तुम्हीच बरोबर ठरणार. आयुष्यभर तेच तर हवं होतं."

खोटं काय होतं त्यात? आपण पहिल्यापासून खरे होतो, हे आता सरकारी माणसाच्या तोंडून सिद्ध होणार होतं. फक्त ऐकायला फोटोग्राफर नसणार होता, वहिनी असणार होत्या.

त्यांनी कपाट उघडलं. त्यांच्या लाकडी ट्रेमध्ये मधोमध त्यांचा स्वतःचा शिंगवाला होता, अस्सल, वजनाला चोख, गालावर करडी छटा असलेला. त्याच्यासाठी त्यांनी निम्मं आयुष्य वाट पाहिली होती. फोटोग्राफरला तो त्यांनी कधी दाखवलाही नव्हता. दाखवला असता तर त्याचं हसणं थांबलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन्ही नाणी त्यांनी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ चरफडत येरझाऱ्या घातल्या. मग आपलं नाणं उचलून फोटोग्राफरच्या डबीत घातलं आणि डबी रुमालात गुंडाळली. बायकोची सुरी थांबली होती.

"तुम्हाला वेड लागलंय," ती म्हणाली.

"लागलंय," काटेवाले खेकसले. "जेवायला वाढ."

संग्रहालयातल्या नाणेविभागाच्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. डबी उघडल्यावर वहिनी थोड्या वाकल्या.

"जरा काळपट दिसतोय हो."

"काळपटच असावा लागतो," काटेवाले घाईनं म्हणाले. "पुसायचा नसतो."

बाईंनी नाणं तोललं. भिंग लावून कड पाहिली, शिंग पाहिलं, मागची बसलेली देवी पाहिली. मग वहिनींनी सोबत आणलेली बाकीची चांदीची नाणी पाच मिनिटांत चाळून पिशवीत परत भरली आणि ती संग्रहालयाला नकोत, एवढंच सांगितलं. तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं.

"आणि हा?" वहिनींनी विचारलं.

"हा अस्सल आहे. फार सुंदर आहे. पाटीवर नाव काय घालायचं ते लिहून द्या."

वहिनींनी नवऱ्याचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. मग त्या बाहेरच्या व्हरांड्यात आल्या. तिथं बाकावर बसल्या आणि काटेवाल्यांकडे वळल्या.

"तुम्ही चारचौघांत खोटं म्हणालात ना, त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुमच्यासमोर हसायचे. घरी येऊन दिवा लावून ते नाणं बघत बसायचे. मला विचारायचे, खरंच खोटं असेल का गं? मी काय सांगणार?"

काटेवाल्यांना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की या माणसाला काही लागतच नाही.

"खरं होतं ना ते?" वहिनींचा आवाज चढला होता. "मग एकदा म्हणा तसं. ते नाहीत, तर मला म्हणा."

दुकानदारांशी, बायकोशी, साहेबांशी, कोणाशीही वाद झाला तरी काटेवाल्यांनी माघारीचा शब्द कधी उच्चारला नव्हता. आत चोख वजनाचं नाणं होतं आणि ते कोणाचं, हे सांगायला अर्धं वाक्य पुरलं असतं.

"चुकलं माझं, वहिनी," ते म्हणाले. "त्याचंच बरोबर होतं."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि परत आलेल्या नाण्यांची पिशवी त्यांच्यापुढं धरली.

"ही आता तुम्हीच ठेवा. बाईंना वेळ नव्हता म्हणून नीट बघितली नाहीत त्यांनी. तुम्ही तरी नीट बघा या वेळी."

फोटोग्राफरचा तो शिंगवाला सोडला, तर काटेवाल्यांच्या घरात आजवर एकही खोटं नाणं शिरलं नव्हतं. नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुढं होऊन पिशवी दोन्ही हातांनी घेतली.