मिठाच्या शहरातली कॅडिलॅक

मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, लोखंडाची पेटी म्हणा, चालेल. पण मित्रांनो, माझं नाव दुसऱ्या कुणाला देऊ नका. आमच्या अमेरिकेत कुठलीही वस्तू जरा बरी निघाली की लोक म्हणतात, ही म्हणजे त्यातली कॅडिलॅक. गाद्यांमधली कॅडिलॅक. गवत कापायच्या यंत्रांमधली कॅडिलॅक. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या लोन्झोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याने चालताना धरायला चार पायांचा वॉकर आणला, तर दुकानदार म्हणाला, "घ्या काका, ही वॉकरमधली कॅडिलॅक आहे." मग काय, लोन्झो ती काटकुळी वस्तू ठकठक करत माझ्या गॅरेजच्या दाराशी आणून मला दाखवून गेला.

मी खरी कॅडिलॅक. सदतीस वर्षांची, डाळिंबी रंगाची, चार दारांची. माझं नाक इतकं लांब की ते चर्चच्या अंगणात पोचायचं तेव्हा मागचा दिवा अजून घरी नाश्ता करत असायचा. आणि मी गॅरेजात चादर पांघरून बसलेय, तर ती अॅल्युमिनियमची पोरगी रस्त्यावर हिंडतेय. मी चिडू नको तर काय करू?

आमच्या घराण्याबद्दल थोडं सांगते. त्यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही बघा. तीनशे वर्षांपूर्वी ज्या फ्रेंच गृहस्थाने डेट्रॉइट शहर वसवलं, त्याचं नाव आम्हाला मिळालं. त्याची सरदारकी आणि ढालीवरचं चिन्ह त्याने स्वतःच बनवून घेतलं होतं म्हणतात. म्हणजे आम्ही जे चिन्ह मिरवतो, ते मुळातच थापेचं. मला त्याची लाज नाही, थापा मलाही आवडतात. पण कामात आम्ही थाप मारली नाही. शंभरएक वर्षांपूर्वी आमच्या तीन पणज्यांना इंग्लंडात नेऊन त्यांचा खिळा न् खिळा सुटा केला, सगळे भाग एकाच ढिगात कालवले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. तिघी चालल्या. एकीचा गुडघा दुसरीला, दुसरीचं आतडं तिसरीला, आणि कुणाची तक्रार नाही. त्या काळी गाडी सुरू करायची तर पुढे उभं राहून लोखंडी दांडा फिरवायला लागायचा. तो उलटला की मनगट मोडलंच. नुसतं बटण दाबून गाडी सुरू करायची सोय आमच्या घरात आधी आली. माझ्या एका मावशीला मागे माशासारखे पर होते, इतके उंच की एका बाईने त्यांच्यावर धुणं वाळत घातलं. तिच्या चादरी पुढे शिकागोत सापडल्या.

माझा मालक ओडेल टिग्नर. मी ज्या कारखान्यात जन्मले तिथेच तो दारं बसवायचा. तेवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांना दारं बसवली, मग कुठे मला घरी आणलं. त्याच्या वडलांनाही कॅडिलॅक हवी होती. हातात पैसेही होते. पण त्या काळी काही दुकानांत काळ्या माणसाला पुढच्या दारातून आत घेत नसत, मग एखाद्या गोऱ्याला वर चार पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घ्यायची. वडील म्हणाले, दुसऱ्याच्या नावाची गाडी मला नको, आणि जन्मभर ट्रामने गेले. म्हणून माझ्या कागदावर जेव्हा 'ओडेल टिग्नर' लिहून आलं, तेव्हा ओडेलने ते नाव तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा बायकोकडून वाचून घेतलं.

इथवर सगळं छान. पण मग त्याने मला जपायला घेतलं, आणि माझे हाल सुरू झाले.

माझ्या गाद्यांवर त्याने जाड प्लॅस्टिक चढवलं. उन्हाळ्यात त्याची बायको व्हर्नेल माझ्यातून उतरायची तेव्हा केळं सोलल्यासारखा आवाज यायचा. माझ्यात खायचं नाही, छत्री मिटायची नाही, मोठ्याने शिंकायचंसुद्धा नाही. आणि या सगळ्याच्या वर मीठ. आमच्या शहराच्या पोटात मिठाची खाण आहे. खाली मीठ, आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तेच मीठ वर रस्त्यावर. मीठ लागलं की लोखंड गंजतं, हे इथे शेंबड्या पोराला माहीत असतं. म्हणून चांगली गाडी हिवाळ्यात काढत नाहीत. बर्फ संपल्यावरही लगेच काढत नाहीत. दोन चांगले पाऊस पडून रस्ते धुतले जायला हवेत. पुष्कळजण असं म्हणतात आणि एका पावसात गाडी काढतात. ओडेल टिग्नर दोन मोजायचा. भुरभुर पडली तर ती धरायचा नाही.

आता व्हर्नेलचं ऐका. व्हर्नेलने सव्वीस वर्षं शहराची बस चालवली, जेफरसन रस्त्यावरची. तिला माझ्या स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती.

"चाळीस फुटी बस चालवली मी," ती म्हणायची. "बर्फात चालवली. मागे हाणामारी चाललेली असताना चालवली. एकदा मागच्या बाकावर एक बाई बाळंत झाली, तरी मी वेळेत पोचले. आणि ही मला चालवता येणार नाही?"

"बसचं वेगळं असतं," ओडेल म्हणायचा.

"हो ना. बस चालवतात. हिला नुसतं पुसतात."

मी मनातल्या मनात तिच्या बाजूने दिव्यांची उघडझाप करायचे.

या फेब्रुवारीत ओडेल डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला आणि गॅरेजात येऊन स्टिअरिंगमागे बसला. व्हर्नेल मागोमाग आली, तेव्हा कळलं. त्याच्या नजरेचा मधला भाग चालला होता. कडेचं दिसत राहणार, समोरचं पुसट होत जाणार. लायसन्स त्याच्या वाढदिवसापर्यंत होतं, नऊ एप्रिलपर्यंत. नवीन काढायचं तर नजर तपासतात, आणि त्यात तो पास होणार नव्हता. तोवरही फार तर दिवसाउजेडी, जवळच्या जवळ, असं डॉक्टर म्हणाला होता.

"एक फेरी," ओडेल म्हणाला. "बेल आयलंडची एक फेरी मी मारणार. माझ्या हाताने. मग किल्ली खुंटीला."

बेल आयलंड म्हणजे आमच्या नदीतलं बेट. उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी चर्च झालं की पूल ओलांडून आम्ही त्याला वळसा घालायचो. माझं आयुष्य म्हणाल तर एवढंच, एक चर्च आणि एक बेट.

"मग आज चल," व्हर्नेल म्हणाली.

"आज मीठ आहे."

मार्च असाच गेला. महिनाअखेरीला एक दणकून पाऊस झाला. ओडेल ओट्यावर उभा राहिला, एक बोट वर केलं आणि म्हणाला, "एक." त्यानंतर आभाळ कोरडं ठाक. तो रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन वर बघत उभा. लोन्झो कुंपणाला टेकून त्याची मजा बघायचा. हा लोन्झो दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे टोमणे मारायचा त्याला जन्मसिद्ध हक्क.

"आभाळाकडे असा बघतोस जसं काही ते तुझ्या हाताखाली कामाला आहे."

"तू तुझ्या गुडघ्याचं बघ."

"गुडघा चालतो बाबा माझा. तुझी गाडी चालते का? का आत कुणाला पुरलंयस?"

सात एप्रिलला बर्फ पडला. आमच्याकडे पडतो एप्रिलात, त्याला काही वेळकाळ नाही. दुपारी मिठाचा ट्रक गल्लीच्या तोंडावरून मीठ उधळत गेला. ओडेल गॅरेजात आला, माझ्या टपावर हात ठेवून नुसता उभा राहिला. त्याचा हात गार होता.

"म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून?" व्हर्नेलने दारातून विचारलं.

"नियम आहे."

"कुणी केलाय नियम?"

"मी."

"मग मोड की."

"मीच केलाय, तर मी कसा मोडू?"

व्हर्नेलने घरात जाऊन भांडी घासली. शेजारच्या गल्लीत ऐकू जावीत अशी घासली.

नऊ तारीख उजाडली. ओडेलला ब्याऐंशी पूर्ण. व्हर्नेलने साल्मन माशाच्या वड्या तळल्या, मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स शिजवले, आमच्याकडची पावासारखी मऊ बिस्किटं भाजली. त्याने रविवारचा सूट घालून ते खाल्लं, सरळ गॅरेजात आला आणि माझी चादर ओढून काढली. मी पहिल्याच फटक्यात सुरू झाले. खरं तर तिसऱ्या, पण तुम्हाला सांगायला काय जातंय.

"आणि मीठ?" व्हर्नेलने विचारलं.

"लागलं तर लागू दे."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, पर्स मांडीवर घेतली आणि काही न बोलता शेजारी बसली. तिला भीती होती की जास्त बोललं तर त्याचं मन बदलेल.

गॅरेजातून मागच्या गल्लीत उलटं निघायला लागतं. ओडेलने मान वळवली, आरशात बघितलं आणि मला मागे घेतलं. गल्लीत लोन्झो उभा होता, वाढदिवसाचं बोलायला आलेला, अंगात लिंबासारखा पिवळा कोट. मला तो स्वच्छ दिसत होता. आरसे माझे, पण बघायचं दुसऱ्याने. हॉर्न माझा, पण दाबायचा दुसऱ्याने. सदतीस वर्षांत मी इतकी कधी वैतागले नव्हते. व्हर्नेल पर्समध्ये पेपरमिंट शोधत होती. तिने मान वर केली.

"थांब."

ओरडली नाही. बसवालीच्या आवाजात म्हणाली, आणि त्या आवाजावर ओडेलचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. माझा बंपर वॉकरला लागला, वॉकरचा एक पाय वाकला. लोन्झो तसाच उभा राहिला.

"वाढदिवस तुझा," तो म्हणाला, "आणि मयत माझी काढतोस होय?"

ओडेलने काच खाली केली.

"लोन्झो, कोट कुठला घातलायस?"

"पिवळा. का?"

"काही नाही. मला दिसला नाही."

लोन्झोने टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "मी पटकन आलो ना मध्ये," तो म्हणाला. साफ खोटं. तो माणूस वॉकर घेऊन पटकन कसा येणार? पण माझ्या आयुष्यात दुसऱ्या कंपनीच्या माणसाचा मला लळा लागला तो त्या मिनिटाला.

ओडेलने मला बंद केलं. थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग खाली उतरला आणि माझ्या नाकावर हात टेकत टेकत, पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी आला.

"सरक तिकडे," तो व्हर्नेलला म्हणाला.

"अरे, काही झालं नाहीये. एकच फेरी आहे, मी बघते ना रस्ता, तू..."

"व्हर्नेल. सरक."

किल्ली त्याने तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटली.

व्हर्नेलने सीट पुढे घेतली. तिने आरसे फिरवले तेव्हा मला नवा चष्मा लागल्यासारखं झालं. आणि निघालो. पहिल्याच खड्ड्यात मिठाचं पाणी माझ्या पोटावर उडालं, गार, चरचरीत, लोणच्याच्या बरणीत पडल्यासारखं. ओडेलने दाराचा दांडा घट्ट धरला. दुसऱ्या खड्ड्याला पण धरला. जेफरसन रस्ता लागला आणि व्हर्नेल सवयीने एकेक थांबा मोठ्याने पुकारायला लागली.

"एवढी ओरडू नकोस. गाडीत मी एकटाच आहे."

"उतारूंनी चालकाशी बोलू नये," ती म्हणाली.

पूल ओलांडून आम्ही बेटावर आलो. ओडेल नाकासमोर बघत होता, सवयच ती. समोर त्याला धुकं. पण कडेचं दिसत होतं ना, आणि कडेला नदी. लोखंडाची माती वाहून नेणारं एक लांबलचक जहाज संथ चाललं होतं. मला वाटायचं मीच लांब. हे जहाज संपता संपत नव्हतं.

"केवढं जहाज आहे," ओडेल म्हणाला.

"नेहमी जातात की इथून."

"मी रस्ता बघायचो."

व्हर्नेलने वेग कमी केला, इतका की बदकं आमच्या पुढे गेली. ओडेल मान न हलवता, समोर बघत बघत, कडेने ते जहाज बघत होता. ती अख्खी फेरी तो एवढंच करत होता. पूल आला.

"घरी?" व्हर्नेलने विचारलं.

"अजून एक मार," ओडेल म्हणाला.

त्या दिवशी आम्ही सात फेऱ्या मारल्या. पेट्रोल किती लागलं ते विचारू नका.

तर मित्रांनो, आता माझा वैताग नवा आहे. व्हर्नेल मला भाजीला नेते, केस कापायला नेते, लोन्झोला डॉक्टरकडे नेते. बसथांबा दिसला की तिचा पाय ब्रेकवर जातोच. एकदा दोन बायका आत येऊन बसल्या, आणि हिने त्यांना घरी सोडलं. माझ्या मागच्या डाव्या दाराखाली मसुरीएवढा गंज आलाय. ओडेल रोज त्यावर बोट फिरवतो आणि म्हणतो, "वाढतोय." मग बादली घेऊन माझं पोट खालून गोड्या पाण्याने धुतो, वाकवत नाही तरी वाकतो.

एवढंच करा. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर तेलपाणी बघा, चाकात हवा भरा, बाहेरून आल्यावर मीठ धुऊन काढा. पण आधी बाहेर तर न्या. पाऊस मोजत बसू नका. आणि शेजारच्या सीटवर चाळीस फुटी बस चालवणारी बाई बसलेली असेल, तर तिला सदतीस वर्षं किल्ली मागायला लावू नका.