हेडरवरची पाच बोटं

रज्जाकनं थिनरमध्ये बुडवलेलं फडकं, इंजिनातला धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या नव्या हेडरच्या चारही नळ्यांवरून पुन्हा एकदा फिरवलं आणि आपलं बोट चुकूनही लागू नये म्हणून हात जपून मागं घेतला.

"चाचा, किती पुसताय? कोरं करकरीत तर हाय," करण म्हणाला. बोलतानाही त्याचं लक्ष मोबाईलच्या कॅमेऱ्यातच होतं.

"कोऱ्यालाच पुसावं लागतं. हाताचं तेल राहिलं आणि इंजिन तापलं, की डाग भाजून बसतो. कळलं?"

करणनं मान हलवली. त्याला काही कळलेलं नाही, हे मात्र रज्जाकला कळलं.

तिसगावच्या या पत्र्याच्या शेडमध्ये रज्जाकचं सगळं आयुष्य सायलेन्सर जोडण्यात गेलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही काम शिकवायची त्याला खोडच होती. शाळा सुटली की पोरं दारात थबकत आणि इंजिनातला धूर बाहेर कसा पडतो, हे तो त्यांना खडूनं फरशीवर काढून दाखवी. पोरं प्रश्न विचारून भंडावून सोडत. या लाल, दोन माणसांच्या गाडीच्या मालकानं आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता.

हेडर निवडतानाही तेच झालं होतं. चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात मिळतात तो घे, आपल्या रस्त्यांवर गाडी खालच्या गिअरात ओढली पाहिजे, असं रज्जाकनं चित्र काढून समजावलं. करणनं दोन व्हिडिओ लावले, डोळे मिटून ऐकले आणि जो जास्त बोंबलत होता तो मागवला. गाढवालाही आवाज असतो, रज्जाकच्या मनात आलं होतं. पण गिऱ्हाईक होतं. आणि रविवारी नगरला शौकिनांच्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या राहणार होत्या. तिथं नगरचे सगळे फिटर येणार होते. रज्जाकच्या कामावर बोटाचा ठसासुद्धा सापडत नाही, हे ते मान्य करत. त्यांच्यापुढं हे काम जाणार होतं.

शेडच्या कडेला स्टुलावर करणची आजी, गोजरबाई, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन बसली होती. घरात कुठलंही नवं यंत्र आलं की पूजेशिवाय ते सुरू करायचं नाही, म्हणून ती आली होती. आली ती काळ्या-पिवळ्या जीपमधून, माणसांत दाटून. करणच्या शेजारच्या सीटवर हेडरचं खोकं होतं, पट्टा लावून. आता ते रिकामं होतं, तरी करणनं पुन्हा सीटवर ठेवून पट्टा लावला होता. खोक्यावर कंपनीचं नाव होतं ना! रज्जाकनं ते पाहिलं होतं आणि थुंकायला बाहेर गेला होता.

मघाशी रज्जाकनं कोपऱ्यातल्या बफाच्या मोटरीवर, पॉलिशच्या फिरत्या चाकावर, एक काळा पडलेला पाईप घासला, तेव्हा म्हातारीनं कौतुकानं हात जोडले होते.

"आगं बया, चांदीवानी झालं की रं!"

"आज्जे, गप बस. व्हिडिओत आवाज येतोय," करण म्हणाला होता.

हेडर बसला. रज्जाकनं त्यावर स्वच्छ कापड टाकलं.

"मी नमाज पढून येतो. आल्यावर शेवटचा हात फिरवीन, मग चालू करू. तोवर किल्लीला हात लावायचा न्हाई, करणशेठ."

"व्हय, व्हय."

तो परतला तेव्हा रस्त्यावरूनच गाडीचं बोंबलणं ऐकू आलं. करणनं नुसता धीर सोडला नव्हता, ॲक्सिलरेटरही दाबून धरला होता. धूर निघत होता आणि त्याला हळद करपल्याचा वास होता. रज्जाकनं धावत जाऊन खिडकीतून हात घातला आणि इंजिन बंद केलं.

पुढच्या नळीवर पाच बोटं उमटली होती. तपकिरी, कडेला निळसर. तेलात कालवलेल्या हळदीची.

"आज्जे!" करण किंचाळला. "अक्कल हाय का तुला? कुणी सांगितलं हात लावायला?"

गोजरबाई उठून उभी राहिली. पिवळा हात तिनं पदरात घेतला.

"तूच म्हनला, रंगाला हात लावू नको. म्हनून रंग न्हाई तिथं लावलं. नवं बी तेच हाय ना? कापड परत झाकून ठिवलं हुतं मी."

"कापड मीच काढलं. पण असलं काही केलं असंल, हे मला काय माहीत?"

"बघितलं का न्हाई मग?" रज्जाकनं विचारलं.

"व्हिडिओ काढत होतो ना!" करण त्याच्याकडं वळला. "चाचा, घासून टाका. नगरला काय तोंड दाखवू? लोक मला अडाणी म्हणतील. तुमचं बी नाव जाईल."

ते खरं होतं. रज्जाक वाकून ठशाकडं बघत राहिला. करंगळी वाकडी होती. विळ्यानं कापून तशीच जुळलेली असावी.

"न्हाई निघत," तो म्हणाला.

"पॉलिश?"

"पॉलिश केलं की पत्रा पातळ व्हतो. आवाज फाटतो."

"फाटतो?"

"पत्र्याचा डबा वाजवल्यावानी."

करणचा चेहरा उतरला. त्यानं हेडरकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं. पुढं काहीच विचारलं नाही.

गोजरबाईची नजर मात्र शेडच्या कोपऱ्यात गेली.

"भाऊ, मघाशी तू त्या चाकावर काळा पाईप चांदीवानी..."

"मावशी, थांबा जरा."

रज्जाकनं गाडीचं दुसरं दार उघडलं. पट्टा सोडून त्यानं खोकं उचललं, कोपऱ्यात नेलं आणि बफाच्या मोटरीवर पालथं घातलं. मग परत येऊन दार धरून उभा राहिला.

"बसा, मावशी. पाय आधी आत घ्या, सीट लई खाली हाय."